द्राक्षाला घड का नाही आले, आणि आता छाटणी कधी घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे की दिंडोरी साइडला तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं, ९ बाय ५ फुटांची लागण, २०२५ ला १२ एप्रिलच्या आसपास खरड छाटणी (काडी बनवायची उन्हाळी छाटणी) झाली, ऑक्टोबरात गोडी छाटणी (घड काढायची छाटणी) घेतली तर वेलीला जेमतेम सात-आठ घड, एरवी तीस तरी असतात. शेजारी म्हणतो ऑक्टोबरच्या पावसात घड जिरले, दुकानदार म्हणतो औषध कमी पडलं, आणि भाऊंना विचारायचंय की आता पुढच्या छाटण्या कधी घ्यायच्या, बागेवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकावं का, का बाग तोडून मोकळं व्हावं.

भाऊ, तोडायचा विचार सध्या बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नात १२ एप्रिल ही तारीख आलीय ना, निम्मं उत्तर तिथंच आहे. दुकानदाराचं सोडून द्या, तो दरवर्षी तेच सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. युरोपात वेल थंडीत झोपते, पानं गळतात, थंडी सरली की आपोआप फुटते, त्यामुळे ती कधी जागी व्हायची हे तिकडे हवामानच ठरवतं. आपल्याकडे वेल पूर्ण झोपतच नाही, कात्री लावली की फुटते. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो आणि माल एकदाच घेतो, खरड छाटणीला काडी बनवायची आणि गोडीला त्याच काडीवर घड काढायचे. म्हणजे तारीख आपल्या हातात, पण त्या तारखेनंतर चाळीसाव्या-साठाव्या दिवशी आभाळ कसं असेल ते आपल्या हातात नाही. द्राक्षातला सगळा जुगार एवढाच आहे, औषधं आणि खतं नंतरची.

आता मे महिन्यात काय होतं ते बघा. खरड छाटणीनंतर साधारण दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, पस्तीस-चाळीस दिवसांत सात ते नऊ पानं होतात, आपण सातव्या पानावर शेंडा खुडून सबकेन करतो (म्हणजे खालच्या डोळ्यातून पुढची काडी काढतो), आणि तिथून पुढे, धरून चला चाळीस ते सत्तर दिवस, काडीवरच्या डोळ्याच्या आत ठरत असतं की इथे पुढे घड होणार का बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू. बाहेरून काहीच दिसत नाही. सुरुवातीला तो आतला कोंब घडही होऊ शकतो आणि बाळीही होऊ शकते. काडीत सायटोकायनिन हे संजीवक जोरात असेल, डोळ्यावर ऊन पडत असेल, वाढ जरा थांबलेली असेल तर घड. जिब्रेलिन हे वाढीचं संजीवक जोरात असेल, म्हणजे शेंडा सुसाट पळतोय, पानावर पान, सावली, बुडात पाणीच पाणी, तर बाळी. आपण सीसीसी हे वाढ रोखणारं औषध मारतो ते जिब्रेलिन दाबायला आणि ६-बीए देतो ते सायटोकायनिन म्हणून, पण ही दोन्ही मदतनीस मंडळी आहेत, खरं काम उन्हाचं आणि ताणाचं आहे.

१२ एप्रिलला छाटलं तर हा काळ येतो २२ मे ते २० जूनच्या आसपास. एरवी नाशिक जिल्ह्यात जूनचा पहिला आठवडा संपेपर्यंत कडक ऊन असतं, मधे एखादा वळीव येऊन जातो, त्यामुळे एप्रिलच्या मध्याला छाटणारे वर्षानुवर्षं निभावून गेले. २०२५ ला मेच्या पहिल्या आठवड्यातच अवकाळी सुरू झाला आणि २५-२६ मेला तर मान्सूनच महाराष्ट्रात येऊन बसला, एवढा लवकर की लोकांची पेरणीपूर्व मशागतसुद्धा झालेली नव्हती. म्हणजे तुमच्या काडीत घड ठरायच्या नेमक्या वेळी वर आभाळ, खाली चिखल, नत्र पावसाबरोबर फुकटात, आणि शेंडा थांबायचं नाव घेत नाही. सूर्य दिसत नव्हता, डोळ्याला ऊन कुठून मिळणार.

शेजारी म्हणतो ते अगदीच खोटं नाहीये, ऑक्टोबरात घड जिरतातही. पण दोन्हींत फरक ओळखता येतो. गोडी छाटणीनंतर पोंगा (डोळ्यातून निघणारी कोवळी फूट) फुटताना आत बारीकसा घड दिसतो आणि मग ढगाळ हवा, गार रात्री, जास्त पाणी यात तो आठवडाभरात आक्रसतो, लांबट होऊन बाळीसारखा वळतो नाहीतर गोळी होऊन बसतो, त्याला जिरणं म्हणायचं, ते मुख्यतः काडीत अन्नसाठा कमी असल्यामुळे होतं. पण फूट पहिल्यापासूनच वांझ निघाली, चौथ्या-पाचव्या पानाशी सरळ बाळीच, घडाचा मागमूस नाही, तर तो माल मे-जूनमध्येच गेलेला असतो, ऑक्टोबरात नुसता हिशोब समोर येतो. तुम्ही लिहिलंय की काही वेलींवर अख्खी काडी फेल गेली, गोळी घड फार दिसले नाहीत. म्हणजे तुमचं दुखणं मे महिन्याचं आहे.

अजून एक, जो बहुतेक जण विसरतात. जुलै ते सप्टेंबर पाऊस थांबलाच नाही, तर पानं डाऊनी आणि करपा या बुरशी रोगांनी झडतात, आणि छाटणीपर्यंत पान टिकलं नाही तर काडी पिकत नाही. कात्रीनं काडी आडवी कापून बघायची, आतला गाभा तपकिरी आणि घट्ट हवा, हिरवट पांढरा आणि पोकळ दिसला तर समजायचं की हिच्यावर घड दिसला तरी पोसणार नाही. पावसाळ्यात एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) वेळेवर मारणं हे काम कंटाळवाणं आहे, माल डोळ्यासमोर नसतो म्हणून लोक टाळतात, पण मोरचूद चुन्यात वाचवलेले पैसे ऑक्टोबरात दुपटीनं जातात.

मग पुढची खरड छाटणी कधी घ्यायची? तुमच्याकडे माल कमी होता म्हणजे बाग लवकर खाली झालीय, वेलीवर भार नव्हता, विश्रांती मिळालीय. १२ ते २५ मार्चच्या दरम्यान छाटा. म्हणजे घडनिर्मितीचा काळ एप्रिल अखेर ते मे अखेर असा येईल, तेव्हा आभाळ यायची शक्यता त्यातल्या त्यात कमी असते. फेब्रुवारीत मात्र नको, रात्री गार असतात, फूट मागंपुढं होते आणि मग एकाच वेलीवर एक फूट दोन पानांची आणि एक सहा पानांची, सबकेन कधी करायची तेच कळत नाही.

पण मार्चची छाटणी फुकट नाही. एप्रिलचं पूर्ण ऊन कोवळ्या फुटीवर येतं आणि पाणी त्याच दोन महिन्यांत सगळ्यात जास्त लागतं. विहिरीला मे महिन्यात किती तास मोटर चालते हे आधी खरंखुरं मोजा. तासगाव, जत, कवठेमहांकाळकडे किती जणांनी टँकरनं बागा जगवल्यात, त्यांना लवकर छाटा म्हणून सांगणं सोपं असतं. पाणी असेल तर फूट निघेपर्यंत ओलांड्यावर (खोडापासून तारेवर आडव्या नेलेल्या फांदीवर) सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, बोदावर (वेलीच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर) उसाचं पाचट टाका, डोळे एकसारखे फुटतात. उघडा ओलांडा दुपारी तापतो आणि मधले डोळे फुटतच नाहीत, मग ओलांडा मधेच रिकामा पडतो आणि तो भरायला दोन वर्षं जातात.

अडचण अशी की खरड लवकर घ्यायची तर माल लवकर काढायला हवा, माल लवकर काढायचा तर गोडी छाटणी लवकर हवी, आणि गोडी लवकर घेतली की परतीच्या पावसात सापडता. मार्च अखेरपर्यंत भावाची वाट बघत माल वेलीवर ठेवणारा माणूस पुढच्या वर्षीचे घड विकून यंदाचा भाव घेत असतो, हे कुणी त्याला सांगत नाही. वेलीला माल काढल्यावर तीन आठवडे तरी मोकळं सोडायला पाहिजे.

समजा मार्चमध्ये छाटलं आणि तरीही मेच्या सुरुवातीला आभाळ आलं, तर काय? एक, फुटी विरळ करा, ९ बाय ५ ला तीस-पस्तीस काड्यांच्या वर ठेवू नका, हात घातला तर पलीकडचं ऊन दिसलं पाहिजे. दोन, नत्र पूर्ण बंद, पालाश आणि स्फुरदवर या, आणि बोदाला पाणी थोपणार नाही म्हणून चाऱ्या मोकळ्या ठेवा. तीन, सबकेन वेळेवर. सातव्या पानाचा शेंडा नखानं टिचकीत तुटला पाहिजे, कात्री लागायला लागली म्हणजे तुम्ही आठवडाभर उशीर केलाय आणि वरची ताकद फुकट गेलीय. आणि तुमच्या बाबतीत एक जादा सावधगिरी, यंदा वेलीवर भार नव्हता म्हणून खोडात साठा भरपूर आहे, फूट एरवीपेक्षा जोरात निघणार, त्यामुळे सुरुवातीपासूनच हात आखडता घ्या, छाटणीच्या वेळी शेणखताबरोबर युरिया ढकलायचा मोह नको.

सीसीसीचं मात्र जपून. आभाळ दिसलं की लोक डोस वाढवतात, फवारणीवर फवारणी. २०१० ला युरोपात याच सीसीसीच्या अवशेषावरून आपला माल अडकला होता, तो दणका अख्ख्या निर्यातीला बसला, आणि हे औषध काडीत-खोडात राहून पुढे मण्यात दिसतं. पाच पानांवर आणि सात पानांवर, शिफारशीइतकं, बास. गोडी छाटणीनंतर तर नावही काढायचं नाही.

गोडी छाटणीआधी डोळे तपासणी करूनच घ्या. वेगवेगळ्या वेलींवरच्या काड्या लॅबला द्यायच्या, ते डोळा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतात कितव्या डोळ्यात घड आहे. चांगल्या वर्षी सबकेनच्या गाठीजवळच सापडतो, गाठीच्या पुढे एक-दोन डोळे ठेवून छाटलं की झालं. खराब वर्षी तो सरकतो, कधी गाठीच्या मागे, कधी चार डोळे पुढे, आणि सवयीप्रमाणे छाटलं तर घड कात्रीखाली बांधावर जातो. २०२५ ला बऱ्याच बागांमध्ये जे थोडे घड होते तेही असेच गेले असणार असा माझा अंदाज आहे. तपासणीचा खर्च एका फवारणीएवढाही नाही.

आता गोडी छाटणीची तारीख. परतीचा पाऊस आपल्याकडून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातो असं धरतात, पण २०१९ ला आणि २०२५ ला ऑक्टोबर अखेरपर्यंत पाऊस पडतच होता. छाटणीनंतर दहा-बारा दिवसांत पोंगा, पस्तीस-चाळीस दिवसांत फुलोरा, नव्वदच्या पुढे मण्यात पाणी उतरणार (मणी मऊ पडून गोडी भरायला लागणार), एकशे तीसच्या आसपास काढणी. या प्रत्येक टप्प्याला वेगळा शत्रू आहे. १५ सप्टेंबरला छाटलंत तर पोंगा ते फुलोरा परतीच्या पावसात. १० ऑक्टोबरला छाटलंत तर फुलोरा नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि नोव्हेंबरमध्ये समुद्रात काही ना काही शिजत असतं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा किती बागा फुलोऱ्यात होत्या आणि चार दिवसांत घडच्या घड डाऊनीनं काळे होऊन गळाले, नाशिकपासून सांगली-सोलापूरपर्यंत, जुने लोक अजून ते वर्ष नावानं सांगतात.

डाऊनीबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण इथे लोक पाऊस बघतात आणि पान बघत नाहीत. तिला किती मिलिमीटर पडला याच्याशी घेणंदेणं कमी, पान किती तास ओलं राहिलं याच्याशी आहे. रात्रभर दव पडून सकाळी नऊपर्यंत पान सुकलं नाही, वर १८ ते २५ च्या मधलं तापमान, की झालं तिचं काम. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग दिसतो, खाली पांढरी बुरशी. शंका असेल तर डाग असलेलं पान ओल्या कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर घरात ठेवा, डाऊनी असेल तर सकाळी डागाखाली पांढरं उगवलेलं असतं, नसेल तर नाही. विना खर्चाची लॅब आहे ही. फुलोऱ्याआधी आणि फुलोऱ्यात दोन दिवस झड लागली तर फवारणीच्या दिवसाची वाट बघू नका, ट्रॅक्टर चिखलात जात नसेल तर पाठीवरच्या डस्टरनं मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची धुरळणी ओल्या पानावरच करून घ्या, निदान आवरण तरी बसतं, पानात शिरणारं आंतरप्रवाही औषध ऊन पडल्यावर. आणि भुरी हा दुसरा बुरशी रोग याच्या उलट आहे, तिला पाणी नको, नुसतं ढगाळ आणि दमट चालतं, पाऊस पडून गेला की डाऊनी आणि नुसतं वातावरण राहिलं की भुरी, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुकीच्या फवारण्या वाचतात.

काही जण म्हणतील सरळ नोव्हेंबरात छाटा, पावसाची कटकटच नको. मग थंडीत अडकता. निफाड-दिंडोरीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ वर येतो, निफाडला तर त्याच्याही खाली गेलेला आहे. १० च्या खाली पांढरी मुळी काम करत नाही, मणी ज्वारीएवढा झाला की तिथंच थांबतो, जीएचं डिपिंग (जिब्रेलिनच्या द्रावणात घड बुडवणं) लागू पडत नाही, आठ-दहा दिवस नुसते वाया. पहाटे ठिबक सुरू करायचं ते यासाठी, विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं आणि बोदाजवळची हवा थोडी वर राहते. बांधावर शेकोट्या करून धूर करतात, वारा नसेल तर थोडा उपयोग होतो, वारा असला की धूर शेजाऱ्याकडे. आणि पाणी उतरायच्या वेळी रात्री ६-७ आणि दुपारी २८-३० असा फरक पडला की थॉमसनला पिंक बेरी येते, निर्यातीचा हिरवा माल गुलाबी झाला की लोकल रेटला. त्यासाठी डिसेंबर अखेरपासून घडाला पेपर लावतात, मजुरी जाते पण तो खर्च निर्यातीवाल्याला टाळता येत नाही.

सटाणा-बागलाणकडे जुलै-ऑगस्टमध्ये छाटून ख्रिसमसच्या आधी माल काढतात, भाव बघून तुमच्याही मनात येईल. तिकडे पाऊस तुलनेनं कमी आहे आणि ती माणसं पिढीजात तोच खेळ खेळतात, एक वर्ष सोनं आणि दोन वर्षं कर्ज अशी तयारी ठेवून. दिंडोरीच्या पावसात ते जमणार नाही.

गारपिटीवर उपाय नाही, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडकडे जे झालं त्यात कुठल्या तारखेला छाटलं याला अर्थच उरला नाही. विमा भरा, पण तो हवामानावर आधारित आहे म्हणजे तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर काय नोंद झाली त्यावर पैसे, तुमच्या बागेत काय झालं त्यावर नाही. विम्यात गारपिटीचं संरक्षण घेतलेलं असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते, फोटो काढा आणि लगेच कळवा, पंचनाम्याची वाट बघत बसू नका. काढणीच्या तोंडावरच्या पावसानं मणी तडकतात, तेव्हा एकच करायचं, व्यापाऱ्याशी भाव ताणत बसायचं नाही, शुगर आलेली असेल तर खाली करायचं.

प्लॅस्टिकचं शेवटी. प्लॅस्टिक पाऊस अडवतं, आभाळ अडवत नाही. डाऊनी आणि मणी तडकणं यावर ते जबरदस्त आहे कारण पान-घड ओला होत नाही. पण तुमचा प्रॉब्लेम मेमधल्या उन्हाचा होता, त्यात कव्हरखाली उजेड उलट थोडा कमीच मिळतो आणि दोन ओळींमधलं पाणी बोदात मुरायचं ते मुरतंच. शिवाय खाली कोंदट झालं की भुरी आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण), वादळात सांगाडा हलला की लाखांचा खेळ. तीन एकरांवर कर्ज काढून एकदम टाकू नका. लवकर छाटायचा जो एक एकर ठेवणार त्याच्यावर टाका, तिथे त्याचे पैसे वसूल व्हायची शक्यता आहे.

तुमच्या तीन एकरांचं मी असं करेन. तीनही एकर खरड १२ ते २५ मार्चच्या दरम्यान, रोज मजुराला जेवढं होईल तेवढं, एका दिवसात टोळी लावून नाही. गोडी मात्र तीन तुकड्यांत, एक एकर २० सप्टेंबरच्या आसपास कव्हरखाली, एक १० ऑक्टोबर, एक २० ऑक्टोबर, त्याच्या पुढे नाही. पहिला एकर जानेवारी अखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला रिकामा होईल, तिसरा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पुढच्या वर्षीची खरड पुन्हा मार्चमध्येच बसते. घड चांगले निघाले तर दीड स्क्वेअर फुटाला एक धरून वेलीला तीसच ठेवा, यंदा माल गेला म्हणून पुढच्या वर्षी पन्नास ठेवून वसूल करायला जाऊ नका, तसं केलं की मणी फुगत नाही आणि काढणी लांबते. आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डोळे तपासणीचा रिपोर्ट आला की काडीची जाडी आणि कितव्या डोळ्यावर घड दाखवलाय तेवढं सांगा, किती डोळ्यांवर छाटायचं ते तेव्हा बघू.